माशांकडे वळवलेला पंखा

मासा हा खाण्यासाठी असतो, याबद्दल मोम्बाशाच्या मजेंगो मोहल्ल्यात कधी दुमत झालेलं नव्हतं. तो नारळाच्या रसात शिजवावा की नुसता तळावा यावरून सख्ख्या भावांत अबोला झालेला आहे. पण तो जिवंत ठेवावा, त्याला घरात जागा द्यावी आणि वर त्याच्यावर पंखा लावावा, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते आलं ब्वानाहेरींच्या डोक्यात. माणूस बंदरात आयुष्यभर कारकुनी केलेला, निवृत्त झाल्यावरही सकाळी शर्ट खोचून खुर्चीत बसणारा. असा माणूस वेडेपणा करायला लागला की तोही अगदी पद्धतशीर करतो.

वेडेपणाचं कारण भिंतीकडे तोंड करून पडलं होतं.

बी म्वानाशा, म्हणजे म्वानाशाबाई, त्यांची बायको, वासिनी बेटावर वाढलेली. ओहोटी लागली की काठी घेऊन अनवाणी प्रवाळावर हिंडायचं आणि कपारीतला ऑक्टोपस काठीने ओढून काढायचा, यात त्यांचं बालपण गेलं. लग्न होऊन शहरात आल्या तरी चालणं तसंच राहिलं. मजेंगोच्या गल्लीतून त्या निघाल्या की वाटे पुढे पाणी आहे आणि मागे दहा बायका आहेत. त्या पायांतला उजवा पाय साखरेच्या आजाराने गुडघ्याखालून नेला. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. जिन्यात प्रत्येक दाराशी माणसं. कुणी हळहळलं, कुणी "जरा डावीकडे घ्या" म्हणालं, एकाने तर खुर्ची कितीला घेतली ते विचारलं.

बी म्वानाशा पलंगावर पडल्या, भिंतीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आता या जिन्याने मी उतरेन ती जनाज्यातच."

त्यानंतर बोलणं बंद. डॉक्टर म्हणाले होते, महिन्याभरात खाली आणा, लाकडी पायाचं माप घेऊ. उठवा, हलवा, नाहीतर दुसरा पायही जाईल, आणि मग पायापाशी थांबेल असंही नाही. ब्वानाहेरींनी हे बायकोला सांगून पाहिलं. समजावून, रागावून, एकदा तर बंदरातल्या मोठ्या साहेबाच्या आवाजात. लग्नापासून त्या नवऱ्याला नावाने नाही, 'कारकून' म्हणून हाक मारायच्या; कौतुक असलं तरी कारकून, भांडण असलं तरी कारकून. ती हाकही बंद झाली. ब्वानाहेरींना आयुष्यात पहिल्यांदा आपण कारकून होतो याची आठवण येऊ लागली.

म्हणून त्यांनी ठरवलं, बायको समुद्राकडे जात नाही तर समुद्र बायकोकडे आणायचा.

गल्लीच्या तोंडाशी राहणारा चारो एका शेडमध्ये कामाला होता. पाणबुड्यांनी पकडलेले रंगीत मासे तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा भरून युरोपला विमानाने पाठवतात. मजेंगोत हे कुणालाही खरं वाटत नसे. "विमानाने जातो आणि तिथे कुणी खातही नाही?" असं खालच्या मजल्यावरच्या हाजी शल्लोने विचारलं होतं आणि उत्तर ऐकून पुन्हा तेच विचारलं होतं. ज्या माशाचं शेपूट फाटकं, त्याला तिकडे गिऱ्हाईक नाही. असे तीन मासे चारोने आणून दिले: एक पिवळा, डोळ्यावर काळी पट्टी असलेला, एक निळा, आणि एक अंगठ्याएवढा नारिंगी, जो सारखा रागावलेला दिसे.

राहिलं पाण्याचं घर. काचेची टाकी कुठून आणायची? चौकातलं चहाचं दुकान बंद पडलं होतं. तिथलं मंदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, ठेवायचं काचेचं कपाट विकायला होतं. सुताराने ते आडवं पाडलं, दार वरच्या बाजूला घेतलं, फटींत काळा डिंक भरला आणि छातीवर हात ठेवून, थोरांना म्हणतात तसं 'मझे' म्हणत सांगितलं, "मझे, यातून पाणी गेलं तर मी हा धंदा सोडीन." पाणी गेलं. ते फरशीतून झिरपत दुसऱ्या मजल्यावर झोपलेल्या हाजी शल्लोच्या गादीत उतरलं.

"मझे ब्वानाहेरी!" हाजी लुंगी सावरत वर आला. "माझ्या गादीवर भरती आलीय!"

"ओहोटी लागेल," ब्वानाहेरी म्हणाले. घाबरले की ते असे शांतपणे बोलत.

सुताराने धंदा सोडला नाही, आणखी डिंक लावला. कपाट पलंगाच्या पायथ्याशी पेटीवर ठेवलं. आत प्रवाळाचे तुकडे मांडले, चारोने शेडमधून आणलेलं समुद्राचं पाणी भरलं, ते निवळलं, मासे सोडले. काचेच्या एका कोपऱ्यात 'गरम व ताजे' ही अक्षरं राहून गेली होती. ती खरवडून निघेनात. मग ब्वानाहेरी खुर्चीत बसले आणि बायकोच्या पाठीकडे बघत राहिले.

दुपार उलटली. माशाने पाण्यात वळसा घेतला की बारीकसा आवाज होतो. तो आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बी म्वानाशांना कसा कळला, त्यांचं त्यांना ठाऊक. त्या कुशीवर वळल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"कारकून," त्या म्हणाल्या, "हा पिवळा बाहेरच्या कड्यावरचा मासा आहे. खोल, गार पाण्यातला. याला मंदाझीच्या कपाटात कोंडताना लाज नाही वाटली?"

ब्वानाहेरी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे भिंतीला टेकून थोडा वेळ उभे राहिले. नंतर त्यांनी तोंड धुतलं.

त्या दिवसापासून बी म्वानाशा बोलू लागल्या. बोलणं म्हणजे सगळं रागावणं होतं, पण ब्वानाहेरींना ते लग्नातल्या गाण्यांसारखं वाटे. प्रवाळ उलटा ठेवलाय. नारिंग्याला आडोसा हवा. निळ्याला शिळी कोळंबी देऊ नका, तुमच्यासारखं त्याला चालत नाही. मासे बघायच्या निमित्ताने इमारतीतल्या बायकाही येऊ लागल्या. आधी आजारी माणसाला भेटायला आल्या होत्या तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. माशांना भेटायला येणाऱ्यांना कसं अडवणार? तळमजल्यावरची बी खुल्थुम रोज येई, काचेला नाक लावी आणि रोज तोच प्रश्न विचारी.

"मग रस्सा करणार की तळणार?"

"खुल्थुम, ते पाळलेत."

"हो हो, पाळा की. मोठे झाल्यावर म्हणतेय मी."

दिवस उन्हाळ्याचे होते. मार्च उजाडला तशी छताची फरशी तव्यासारखी तापू लागली आणि मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून तरंगायला लागले. ब्वानाहेरींनी चारोला बोलावून आणलं. त्याने पाण्यात बोट बुडवलं.

"मझे, हे पाणी नाही, रस्सा आहे."

"ऐकलंत?" बी म्वानाशा पलंगावरून म्हणाल्या. "खुल्थुमला बोलवा, तिचं काम झालं."

चारोने उपाय सांगितला. युरोपात पाणी गार करायचं यंत्र असतं, आपल्याकडे पंखा. पाण्याच्या तोंडावरून वारा जाऊ द्यायचा. अंघोळ करून पंख्याखाली उभं राहिलं की थंडी वाजते ना, तसंच. वाऱ्याने पाणी उडतं आणि उडताना गरमी घेऊन जातं. "पाणी मात्र कमी होत जाईल," तो पायऱ्या उतरता उतरता ओरडला, "होईल तेवढं भरत जा!"

कोणतं पाणी भरायचं हे त्याने सांगितलं नाही आणि ब्वानाहेरींनी विचारलं नाही. समुद्राचा मासा, त्याला समुद्राचं पाणी. यात विचारायचं काय? शिवाय मजेंगोत नळ कोरडे. गोडं पाणी मुल्वा हातगाडीवरून डबे भरून आणतो आणि त्याचा भाव ऐकल्यावर माणसाची तहान निम्मी होते. समुद्र फुकट होता.

घरात पंखा एकच, बी म्वानाशांच्या उशाशी. तो माशांकडे वळवायचा तर बायको घामाने भिजणार. ब्वानाहेरींनी बाजारात नवा पंखा पाहायला सुरुवात केली, पण तोवर हाजी शल्लोने या प्रकरणात लक्ष घातलं होतं. गादी भिजल्यापासून तो या समुद्राकडे वडिलोपार्जित जमिनीसारखा बघत असे.

"बर्फ टाका," हाजी म्हणाला. "मासळीबाजारात मासे बर्फावरच असतात. कसे ताजे राहतात!"

"ते मेलेले असतात, हाजी."

"पण ताजे असतात ना?"

हे ऐकलं नाही म्हणून तो रुसला, आणि रुसवा काढायला संध्याकाळी मांडववाल्या मेहुण्याकडून लग्नातला पंखा घेऊन आला. उभा, माणसाएवढा, पितळी पात्यांचा. त्याने मोठमोठी वऱ्हाडं गार केली होती. बटण दाबताच कपाटात लाटा उठल्या. तिन्ही मासे पलीकडच्या काचेला चिकटले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची सगळी पानं उलटून डिसेंबर आला. खारं पाणी टीव्हीच्या आत गेलं. पुढचे दोन दिवस त्याने सगळ्या बातम्या हिरव्या दाखवल्या आणि मग डोळे मिटले. हाजी पंख्याला मिठी मारून तो बंद करायला धडपडत होता. ब्वानाहेरींनी बायकोकडे पाहिलं तर ती पांघरायचा रंगीत लेसो तोंडावर ओढून थरथरत होती. ते घाबरून जवळ गेले, लेसो बाजूला केला. बी म्वानाशा हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईतो.

त्या हसण्यापायी ब्वानाहेरींनी आणखी एक टीव्हीही फोडला असता.

मांडवाचा पंखा परत गेला. नवा पंखा दुकानात यायचा होता, तोवर उशाशी असलेलाच अर्ध्यात ठेवला, थोडा बायकोवर, थोडा पाण्यावर. पण रोज दुपारी ब्वानाहेरींचा डोळा लागला आणि ते उठले की पंखा पुरता माशांकडे वळलेला. त्यांना वाटलं मानेचा स्क्रू सैल आहे. स्क्रू आवळला. तरी पंखा वळलेलाच. पंखेवाला वर येऊन सगळं खोलून गेला, दोन चाकं जास्त निघाली ती सोबत घेऊन गेला. शेवटी एका दुपारी ब्वानाहेरी झोपेचं सोंग घेऊन पडले. बघतात तर बी म्वानाशा दवाखान्यातून मिळालेली कुबडी लांब करून, ओठ आवळून पंख्याची मान वळवताहेत. कपाळावर घामाचे थेंब, उशी ओली.

"म्वानाशा! तुलाच उकडतंय ना?"

"मला घाम पुसता येतो," त्या म्हणाल्या. "त्याला हात नाहीत."

ब्वानाहेरींनी पंखा बायकोकडे वळवला. त्यांनी कुबडीने परत माशांकडे वळवला. हे भांडण संध्याकाळच्या नमाजापर्यंत चाललं. शेवटी पंखा आपणहून मधेच थांबला, कारण मीटरमध्ये भरलेल्या पैशांची वीज संपली होती.

दोन नवे पंखे आले आणि काचेच्या काठावर बसले. पाणी खरोखर गार झालं. चारोने बोट बुडवून मान डोलावली. मासे तळाशी फिरू लागले. पण पाणी रोज दोन बोटं खाली जाई, आणि ब्वानाहेरींचा खरा प्रवास तिथून सुरू झाला.

खोचलेला शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट आणि हातात पिवळा डबा, असे ते रोज सकाळी किनाऱ्यावर जात, गुडघाभर पाण्यात उतरत, डबा भरत आणि मटाटूत, म्हणजे खच्चून भरलेल्या भाड्याच्या गाडीत, बसून परत येत. पहिल्याच दिवशी झाकण निघालं आणि समुद्र एका शिक्षिकेच्या पर्समध्ये गेला.

"बाबा, हे काय आहे?" कंडक्टर ओरडला.

"समुद्राचं पाणी."

"समुद्र तिकडे मागे आहे. तुम्ही तो चोरून चाललात का?"

गाडीभर हशा. तेव्हापासून त्या रस्त्यावरचे सगळे मटाटूवाले त्यांना बघून "या, समुद्रचोर बाबा!" असं स्वागत करू लागले. बंदरात ज्या माणसाच्या सहीशिवाय पेटी हलत नसे, त्याने हे सगळं मान ताठ ठेवून सोसलं. चोर हा शब्द मात्र त्यांना लागला. ते परवानगी घ्यायला मत्स्यखात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी कागदावरून डोळे न उचलता विचारलं, "किती किलो?"

"तीन मासे आहेत."

"संख्या नको. परवाना वजनावर असतो."

"बाई, ते जिवंत आहेत."

"मग मेल्यावर या."

हे वाक्य ब्वानाहेरींनी घरी सांगितलं नाही.

कपाटाच्या काठावर आता पांढरी खरपुडी धरू लागली होती. ब्वानाहेरी ती ओल्या फडक्याने पुसत. बी खुल्थुमने एकदा नखाने खरवडून जिभेवर ठेवली. "मीठ चांगलंय," ती म्हणाली. "रश्शाला वेगळं लागणार नाही." सगळे हसले. बी म्वानाशाही हसल्या. त्यांचा पलंग तिथून हातभर लांब होता, आणि पलंगावरून उठायला त्या अजून तयार नव्हत्या.

निळा मासा आधी गेला. सकाळी तो प्रवाळाला टेकून आडवा पडला होता. ब्वानाहेरींनी बायको जागी व्हायच्या आत त्याला कागदात गुंडाळलं आणि सांगितलं की चारोकडे उपचाराला पाठवलाय.

"कारकून," बी म्वानाशा सावकाश म्हणाल्या, "तुम्हाला खोटं बोलता आलं असतं ना, तर बंदरातल्या नोकरीत आपला बंगला झाला असता."

आणि त्या भिंतीकडे वळल्या.

मग ब्वानाहेरींनी पंखे वाढवले. गरमीच मारतेय, दुसरं काय असणार? आणखी एक पंखा, मग आणखी एक. जेवढे पंखे वाढले तेवढं पाणी जास्त उडालं, आणि जेवढं उडालं तेवढा समुद्र त्यांनी जास्त आणला. आता दिवसातून दोन खेपा. गुडघे सुजले, बुटांवरचं पॉलिश खारटून पांढरं पडलं. नारिंगी मासा, तो कायम रागावलेला, एका दुपारी राग विसरून तरंगायला लागला. बी म्वानाशांनी त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. दवाखान्यातून निरोप आला की माप घ्यायचा महिना संपत आलाय. ब्वानाहेरींनी तो बायकोच्या पाठीला वाचून दाखवला. पाठ हलली नाही.

उरला पिवळा. ब्वानाहेरी रोज उठल्यावर आधी बायकोचा श्वास बघत आणि मग माशाचे कल्ले. दोन्ही हलत असले की चहा टाकत.

मग एका भर दुपारी वीज गेली. एका घरची नाही, सगळ्या मजेंगोची. पंखे थांबले आणि खोलीत ऐकू येण्यासारखी शांतता झाली. ब्वानाहेरींनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि पाण्यावर वारा घालायला सुरुवात केली. अर्ध्या तासात खांदा भरून आला. ते थांबले नाहीत. बी खुल्थुम कोथिंबीर मागायला म्हणून वर आली, त्यांना बघून दारातच थबकली, आणि एकदाही रश्शाचं नाव न काढता परत फिरली. पुन्हा आली ती शेगडी फुलवायचा झावळीचा विणलेला पंखा घेऊन, आणि जिन्यात उभं राहून ओरडली, "अगं बायांनो, शेगडीचे पंखे घेऊन वर या! मझेंचा मासा चाललाय!"

बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात कोळशाने काळा झालेला पंखा. मंदाझीच्या कपाटाभोवती कोंडाळं करून बसल्या आणि वारा घालू लागल्या. वारा घालताना तोंड मोकळंच असतं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या भाड्याचं, कुणाच्या मुलाला अरबस्तानात मिळालेल्या नोकरीचं बोलणं निघालं. हाजी शल्लोही आला. त्याच्याकडे पंखा नव्हता म्हणून तो फुंकर घालत होता.

"हाजी, थुंकी उडतेय पाण्यात," भिंतीकडून आवाज आला.

हाजीने तोंड मिटलं. बी म्वानाशा वळल्या होत्या.

"आणि खुल्थुम, तू चूल पेटवतेस का? मनगटातून हलव. हळू. मला बसवा बघू तिथे. तुम्हाला एकीलाही जमत नाही."

त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बायकांनी त्यांना उचलून बसवलं, काचेला लागून. एकीने आपला पंखा त्यांच्या हातात दिला. त्यांनी लयीत वारा घातला, पिवळ्याकडे बघत. मग थांबल्या, पाण्यात चार बोटं बुडवली, माशाच्या पाठीला हलकेच लावली. बोटं कपाळाला पुसायला नेता नेता एक ओठांना लागलं.

त्यांनी ते पुन्हा चाटून पाहिलं.

"कारकून," त्या अगदी हळू म्हणाल्या, "रोज कोणतं पाणी भरत होतात?"

"समुद्राचं. जेवढं कमी होई तेवढं. कधी चुकलो नाही."

"वाऱ्याने उडतं ते नुसतं पाणी हो. मीठ कुठे जातं? ते राहतं. त्यावर तुम्ही रोज नवं मीठ आणून घातलंत." त्यांनी काठावरची खरपुडी नखाने खरवडली. "ओहोटीला खडकात डबकं मागे राहतं ना, ऊन लागून आटणारं, तसं झालंय हे. आमच्याकडे अशा डबक्यातलं मीठ बायका खरवडून आणायच्या. त्यात मासे जगत नाहीत."

"म्हणजे..." ब्वानाहेरींनी दाराकडे पाहिलं. "म्हणजे मुल्वाचं पाणी हवं होतं?"

"मुल्वाचं."

मुल्वा रोज सकाळी खाली जिन्याशी गाडी लावत असे. ब्वानाहेरी रोज समुद्राचा डबा घेऊन त्याच्या गाडीला वळसा घालून वर येत. तो दर वेळी म्हणे, "मझे, पाणी?" आणि ते दर वेळी म्हणत, "आज नको, आहे."

मग बी खुल्थुम उठली आणि आपल्या घरातला प्यायच्या पाण्याचा माठ घेऊन आली. तिच्या मागून दुसरी, तिसरी. विकतचं, मोजून प्यायचं पाणी. वाटी वाटी करून त्यांनी ते कपाटात सोडलं. हाजीने आपली बाटली उपडी केली आणि दुआ म्हटली. मासा एकदा सरळ झाला, फाटकं शेपूट हलवून काचेपर्यंत आला, बी म्वानाशांच्या बोटांसमोर थांबला, आणि तिथेच हळूहळू एका कुशीवर कलला.

बायकांचे पंखे एकेक करून थांबले. सगळ्यात शेवटी ब्वानाहेरींच्या हातातला वर्तमानपत्राचा.

"मी मारलं त्यांना," ते म्हणाले. "रोज थोडं थोडं. बूट घालून जात होतो."

बी म्वानाशांनी त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यावर ओला हात ठेवला. त्या रडत होत्या. पाय गेल्यापासून एकदाही रडल्या नव्हत्या. आता एका वितीच्या माशापुढे त्यांना आवरेना, आणि कुणी आवरायलाही सांगितलं नाही. रडता रडता तोंडातून नावं आली: आईचं, बेटावरच्या कुठल्या खडकाचं, न झालेल्या मुलासाठी ठरवून ठेवलेलं एक. बायका ऐकत बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने एक म्हणाली, "मांजराला देऊ का?"

"खबरदार," बी म्वानाशा नाक पुसत म्हणाल्या. "जिथला आहे तिथे जाईल."

"मी नेऊन सोडतो," ब्वानाहेरी उठले.

"तुम्ही? तुम्ही न्याल आणि येताना आणखी एक डबा भरून आणाल. बसा. मी येते."

क्षणभर कुणाला ऐकलं त्यावर विश्वास बसेना. मग एकदम धावपळ झाली, त्यांचं मन बदलायच्या आत व्हायला हवं म्हणून. हाजीने खुर्चीचा पुढचा पाय धरला, तो निसटला, दुसऱ्याने धरला. लेसो गुंडाळला, मासा केळीच्या पानात बांधून मांडीवर दिला. जिन्यात पुन्हा प्रत्येक दाराशी माणसं. "डावीकडे घ्या," कुणीतरी म्हणालं.

"मला माहीत आहे डावीकडे कुठे आहे," बी म्वानाशा खुर्चीतून म्हणाल्या. "हाजी, पाय बघून टाक. मी पडले तर तुझ्याच गादीवर येऊन पडेन."

खाली मुल्वाने रिकामे डबे बाजूला सारून गाडीवर जागा केली. दवाखाना त्याच रस्त्यावर होता. ब्वानाहेरींनी त्याकडे पाहिलं, बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. बी म्वानाशाच म्हणाल्या, "उद्या. आज याला पोचवू."

दीपगृहाच्या खालच्या उतारावर गाडी थेट पाण्यापर्यंत गेली. सगळ्यांनी मिळून त्यांना ओल्या वाळूत बसवलं. ब्वानाहेरी मान खाली घालून उभे राहिले. हाजीने टोपी नीट केली. बी म्वानाशांनी केळीचं पान उलगडलं, माशाच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि हात मागे नेऊन त्याला लांब फेकला. तो पाण्याला लागायच्या आत एक कावळा आला आणि हवेतल्या हवेत घेऊन गेला.

सगळे वर बघत राहिले. कावळा दीपगृहाच्या कठड्यावर बसला आणि निवांत खाऊ लागला.

"बघा," बी खुल्थुम पुटपुटली. "कुणीतरी खाल्लाच."

बी म्वानाशांच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यातच मोडलं. त्यांनी लेसो तोंडाशी धरला. थोड्या वेळाने तो खाली घेऊन म्हणाल्या, "चप्पल काढा माझी."

ब्वानाहेरी खाली बसले, उरलेल्या पायातली चप्पल काढली. लाट आली, पायावरून पसरली आणि जिथे दुसरा पाय असायचा त्या वाळूवरून परत गेली. दिवसभराच्या उन्हाने समुद्र कोमट झाला होता. रोज त्यात उतरणाऱ्या ब्वानाहेरींना तो किती कोमट आहे ते पक्कं माहीत होतं.

बी म्वानाशांनी डोळे मिटले.

"किती गार आहे हो," त्या म्हणाल्या. "दोन्ही पायांना लागतंय."

ब्वानाहेरींनी बूट काढले, त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि म्हणाले, "हो. गार आहे."